सोंग आणि बाहुले : ‘गल्ली गल्ली सिम सिम’ या शिशुकार्यक्रमाचे परीक्षण

दूरचित्रवाणीवरील एखादा कार्यक्रम, आणि तोही अद्याप अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी रचलेला, हा परीक्षणाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न या पत्रिकेच्या काही वाचकांच्या मनात उद्भवण्याचा संभव आहे. त्यास आमचे उत्तर असे की, ‘सोंग’ आणि ‘बाहुले’ या ज्या दोन शब्दांचा आपल्या नाट्यविचाराने फारसा ऊहापोह केलेला नाही, त्यांचा आजच्या काळातील सर्वांत मोठा व्यवहार शिशूंच्या कार्यक्रमांतच चालतो. तीन-चार वर्षांचे मूल आपल्या आयुष्यातील पहिले नाट्य आता बहुधा पडद्यावर पाहते. आणि तेथे त्याला प्रथम भेटतो तो नट नव्हे, तर केसाळ पोशाखाच्या आत दडलेला मनुष्य, नाही तर कोणाच्या तरी पंजावर चढलेले बाहुले. प्रेक्षक म्हणून त्याची घडण येथे सुरू होते. ती कशी होते हे पाहणे वाङ्मयाच्या अभ्यासकाला अप्रस्तुत वाटण्याचे कारण नाही.

सोंग आणि बाहुले यांतील भेद प्रथम सांगितला पाहिजे. सोंगात मनुष्य आत असतो. बाहुल्यात तो बाहेर असतो. वरवर पाहता हा भेद केवळ रचनेचा वाटेल, परंतु त्यातूनच दोहोंच्या सामर्थ्याचे मार्ग निराळे होतात. सोंगाला मनुष्यदेहाचे आकारमान, वजन आणि धाव आयती मिळते. ते अंगावर येऊ शकते, कवटाळू शकते, नाचू शकते. मात्र मुखवट्यामुळे त्याचा चेहरा गोठलेला असतो, आणि काही नाजूक बोलावयाचे झाले की ते लंगडे पडते. बाहुल्याचे याच्या उलट आहे. त्याला वजन नाही, त्याची दहशत नाही. त्याचा सारा प्राण वाणीत असतो. ज्ञानेश्वरीत बाहुल्यांच्या खेळाला ‘सायखडे’ असा शब्द येतो. आपल्या संतांनी त्या खेळाच्या दृष्टान्तात लक्ष वेधले ते मुख्यत्वे सूत्राकडे, आणि त्यांच्या प्रयोजनाच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु प्रत्यक्ष खेळ पाहणाऱ्याला दोरी थोड्याच वेळात दिसेनाशी होते. राहतो तो आवाज.

हा भेद समजून घेण्यासाठी रत्नागिरीकराला फार दूर जावे लागत नाही. शिमग्यात आमच्याकडे खेळे निघतात, नमन होते, आणि त्यांबरोबर संकासुर येतो. काळा पायघोळ पोशाख, तोंडावर मुखवटा, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा किंवा घंटांचा पट्टा. तो दिसण्यापूर्वी ऐकू येतो, आणि ऐकू आल्याबरोबर वाडीतील मुलांची पांगापांग होते. त्याचे बोलणे थोडे. त्याचे काम धावण्याचे आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते या सोंगाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या भीतीत नसून त्या भीतीच्या वार्षिक इतिहासात आहे. तीन वर्षांचे मूल आईच्या पदरात तोंड लपविते. पाचव्या वर्षी ते ओट्याच्या खांबाआडून पाहते आणि चालीवरून ओळखू लागते की, हा तर आपल्या वरच्या अंगणातला काका. सातव्या-आठव्या वर्षी तेच मूल संकासुराला चिडवून पळते. आणि पुढे कधी तरी त्याच्याच कमरेला तो पट्टा बांधला जातो. सोंगाच्या आत मनुष्य आहे हे ज्ञान त्याला कोणी शिकविलेले नसते. दर शिमग्याला ते त्याच्या हाती थोडे थोडे लागते. भीती आणि ओळख यांचे असे हप्त्याहप्त्याने होणारे हस्तांतर दुसऱ्या कोणत्या शिक्षणपद्धतीत आहे, हे आम्हांस ठाऊक नाही.

बाहुल्यांसाठी थोडे दक्षिणेकडे वळले पाहिजे. कुडाळनजीकचे पिंगुळी हे गाव १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत होते. तेथील ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी या तिन्ही कला जतन केल्या. त्यांपैकी परशुराम गंगावणे यांस २०२१ मध्ये पद्मश्री देण्यात आली. त्यांच्या लाकडी बाहुलीचे ओठ हलत नाहीत, डोळे फिरत नाहीत. मागून येणारे गायन आणि मृदंग यांच्या आधारावर रामायण-महाभारतातील पात्रे उभी राहतात. बाहुलीचा झोका आणि गाणाऱ्याचा कंठ यांच्या मेळातून प्रेक्षक तिच्या चेहऱ्यावर हवा तो भाव स्वतःच पाहतो. म्हणजे एकाच जुन्या जिल्ह्याच्या सीमेत सोंगाची आणि बाहुल्याची अशा दोन पूर्ण विकसित परंपरा नांदत होत्या. एकीत देह बोलतो आणि वाणी गौण असते, दुसरीत वाणीच देह होते. ही कसोटी हाती घेऊन आपण प्रस्तुत कार्यक्रमाकडे वळू.

‘गल्ली गल्ली सिम सिम’ हा कार्यक्रम १५ ऑगस्ट २००६ रोजी पोगो आणि कार्टून नेटवर्क या वाहिन्यांवर सुरू झाला आणि पुढे दूरदर्शनवरूनही दाखविला गेला. तो स्वतंत्र कल्पना नव्हे. १० नोव्हेंबर १९६९ रोजी अमेरिकेत सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’चा तो भारतीय अवतार होय. मूळ कार्यक्रमाचा हेतू जोन गॅन्झ कूनी आणि लॉइड मॉरिसेट यांनी स्पष्ट मांडला होता. ज्या गरीब घरांतील मुलांना शाळापूर्व शिक्षण मिळत नाही, त्यांच्याही घरात दूरचित्रवाणीचा संच असतो. तेव्हा शाळेनेच त्या संचातून घरात शिरावे, असा तो विचार होता.

महाराष्ट्रातील वाचकाला हा विचार अनोळखी वाटू नये. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावी, या त्यांच्या कल्पनेतूनच ‘अंगणवाडी’ हा शब्द आला, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो देशभर नेला. न्यूयॉर्क आणि कोसबाड यांची तुलना कोणास अतिशयोक्त वाटेल. पण दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता, आणि म्हणून दोन्ही उत्तरांस एकच कसोटी लावणे न्याय्य आहे : शाळा मुलाच्या अंगणात पोचली खरी, पण ती तेथे कोणती साधने आणि कोणती भाषा घेऊन पोचली? कोसबाडला मॉंटेसरीची महागडी साधने बाजूस ठेवून भोवतालचे खडे, शिंपले, पाने यांतूनच साधने घडविली गेली. साधनाचे मोल त्याच्या परिचितपणात आहे, हे तेथे ओळखले गेले होते.

सोंगाच्या बाबतीत मूळ अमेरिकन कार्यक्रमाचा आरंभीचा इतिहास फार बोधप्रद आहे. मुलांच्या मनात सत्य आणि कल्पित यांचा गोंधळ उडू नये म्हणून रस्त्यावरील प्रसंगांत केवळ माणसे असावीत आणि बाहुल्यांचे प्रसंग वेगळे ठेवावेत, असा सल्ला मानसशास्त्रज्ञांनी दिला होता. त्याप्रमाणे १९६९ च्या उन्हाळ्यात काही भाग तयार करून फिलाडेल्फियातील मुलांना दाखविण्यात आले. एडवर्ड पामर यांची पद्धत मोठी निर्दय होती. संचाच्या शेजारी दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी एक नवे चित्र येई, आणि मुलाची नजर केव्हा ढळते याची नोंद ठेवली जाई. बाहुल्या असतील तेथे मुले खिळून राहत; रस्त्यावर नुसती माणसे बोलू लागली की नजर शेजारच्या चित्राकडे जाई. निर्मात्यांनी तज्ज्ञांचा सल्ला बाजूस सारला. जिम हेन्सन यांनी रस्त्यावर माणसांत वावरू शकतील अशी दोन पात्रे घडविली : कचऱ्याच्या डब्यात राहणारा ऑस्कर आणि आठ फुटांहून उंच असा पिवळा पक्षी, बिग बर्ड.

तज्ज्ञांची ही भीती आपल्याकडेही अपरिचित नव्हती. अगदी लहान मुलांना परीकथा सांगू नयेत, त्यांना प्रथम वास्तवाशी परिचय करून द्यावा, असे खुद्द मॉंटेसरीबाईंचे मत होते. भावनगरच्या गिजुभाई बधेकांनी मॉंटेसरीपद्धती स्वीकारली, पण कथेचा त्याग केला नाही. उलट कथाकथनाचे शास्त्रच लिहिले. गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाईंच्या द्वारा हा वारसा महाराष्ट्रात आला. वास्तव आणि कल्पित यांची सरमिसळ मुलाला अपायकारक नाही, हे ज्ञान फिलाडेल्फियाच्या प्रयोगापूर्वी सुमारे चाळीस वर्षे आपल्याकडे होते. शिमग्यात तर ते त्याहून किती तरी आधीपासून होते. फक्त त्याची कोणी नोंद केलेली नव्हती.

बिग बर्ड हे सोंगच होय. कॅरल स्पिनी हे १९६९ पासून २०१८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धशतक, त्याच्या आत उभे होते. उजवा हात डोक्याच्या वर उभा धरून ते पक्ष्याची मान आणि चोच हलवीत, डावा हात डाव्या पंखात असे, आणि उजवा पंख बारीक दोरीने डाव्याला जोडलेला असे. बाहेरचे त्यांना काहीच दिसत नसे. छातीवर बांधलेल्या लहानशा पडद्यावर ते स्वतःलाच पाहत. आत मनुष्य आहे म्हणून सोंग, आणि तो मनुष्य एका हाताने मुंडके चालवितो म्हणून बाहुलेही, असा हा संकर आहे. परंतु त्याचे यश या यंत्ररचनेत नाही. प्रारंभी हा पक्षी एक बावळट खेडवळ म्हणून लिहिला जात असे. तो खेडवळ नसून लहान मूल आहे, हे स्पिनींनी ओळखले आणि त्याप्रमाणे त्याला वागविले. आठ फुटांचा देह आणि सहा वर्षांचे मन : या विसंगतीने सोंगाची भीती नाहीशी केली नाही, तर तिची दिशा फिरविली. संकासुराला पाहून मूल स्वतःसाठी भिते. या पक्ष्याला पाहून ते पक्ष्यासाठी भिऊ लागते. एवढा मोठा, आणि त्याला एवढेही कळत नाही!

या फिरविलेल्या भीतीचे सामर्थ्य १९८३ च्या एका भागात दिसून आले. दुकानदार श्री. हूपर यांची भूमिका करणारे विल ली हे डिसेंबर १९८२ मध्ये निवर्तले. निर्मात्यांनी दुसरा नट घेतला नाही, की तो म्हातारा गावी गेला असेही सांगितले नाही. २४ नोव्हेंबर १९८३ रोजी दाखविलेल्या भागात बिग बर्ड सर्वांसाठी काढलेली चित्रे वाटतो, हूपरांचे चित्र हातात उरते, आणि ते आता येणार नाहीत हे मोठी माणसे त्याला सांगतात. त्याला ते समजत नाही. का, असे तो विचारीत राहतो. नेमक्या याच कामासाठी सोंग हवे होते. हाच प्रश्न एखाद्या बालनटाने विचारला असता तर तो केविलवाणा वाटला असता, आणि छोट्या बाहुल्याने विचारला असता तर गोड वाटला असता. अवाढव्य देह अज्ञानापुढे हतबल उभा राहिला, म्हणूनच तो प्रश्न मुलाला स्वतःचा वाटला.

‘सेसमी स्ट्रीट’ ज्या देशांत गेला त्यांपैकी अनेक ठिकाणी असे एक मोठे सोंग उभे राहिले, याचे कारण आता ध्यानात येईल. जर्मनीत सॅमसन नावाचे अस्वल, हॉलंडात पिनो नावाचा निळा पक्षी, इस्राएलमध्ये किपी नावाचा साळू. भारताच्या वाट्याला सिंह आला : बूम्बा.

बूम्बाविषयी बोलण्यापूर्वी बाहुल्यांचे ऋण मान्य केले पाहिजे, कारण या कार्यक्रमाचे यश प्रामुख्याने त्यांचे आहे. त्यांतही चमकीचे. शाळेच्या गणवेशातील ही पाच वर्षांची मुलगी म्हणजे भारतीय शिशुकार्यक्रमांना मिळालेले एक खरेखुरे पात्र होय. ‘मुलींना शिकवा’ हा उपदेश तिच्या तोंडी नाही. ती शाळेत जाते एवढेच, आणि शाळेत जाणे ही जगातली सर्वांत मजेची गोष्ट आहे अशा थाटात जाते. तिचे कुतूहल, तिचा आगाऊपणा, चुकल्यावर क्षणभर थबकून पुन्हा पुढे जाण्याची तिची रीत यांत हेन्सन-पद्धतीच्या बाहुल्याची सर्व बलस्थाने दिसतात. या पद्धतीत रंगमंचाची चौकट काढून टाकलेली असते. चित्रकाची चौकट हाच रंगमंच, आणि चालविणारा त्या चौकटीच्या खाली उभा राहून, समोरच्या लहान पडद्यावर बाहुल्याला पाहत पाहत ते चालवितो. त्यामुळे बाहुल्याची नजर थेट मुलाच्या डोळ्यांशी भिडते. पिंगुळीची बाहुली प्रेक्षकाकडे कधी असे पाहत नाही; ती आपल्या कथेत असते. चमकी कथेबाहेर येऊन विचारते. तिचा निळा मित्र गूगली अधिक सावध आणि विचारी. आणि शिंक आली की भलत्याच ठिकाणी जाऊन पोचणारी आंचू ही तर कथाकथनाचीच एक सुरेख युक्ती आहे. प्रवास, अद्भुत आणि विनोद या तिन्हींना एका शिंकेत जागा करून देणे सोपे नव्हे.

या मंडळीपुढे बूम्बा फिका पडतो, असे खेदाने म्हणावे लागते. तो राजेशाही थाटाचा आहे, आनंदी आहे, त्याला भांगडा आवडतो. जे भाग आम्ही पाहिले त्यांत तो आला की गल्लीत गडबड होते, नाच होतो, आणि तो नाच पाहण्यासारखाही असतो. पण सिंह हा सिंह का आहे, या प्रश्नाला कार्यक्रमाजवळ उत्तर नाही. त्याची भीती कोणाला वाटत नाही, हे ठीकच; परंतु ती का वाटत नाही, हेही कोणाला सांगावेसे वाटलेले नाही. सिंह गल्लीत आला आणि पहिल्या दिवसापासून सर्वांचा झाला. संकासुराशी मैत्री व्हावयास मुलाला चार शिमगे लागतात. बिग बर्डशी मैत्री होते ती त्याच्या अज्ञानाच्या द्वारा. बूम्बाला पहिलाही मार्ग दिलेला नाही आणि दुसराही. राहिला तो केवळ देह, आणि देहाचा आनंद. सोंगातून भीती काढून घेतली आणि तिच्या जागी दुसरे काहीच ठेवले नाही, तर उरतो तो जाहिरातीतला किंवा वाढदिवसाच्या समारंभातला पोशाख. येथे कोणी असे म्हणेल की, शिशूंच्या कार्यक्रमात भीतीची मागणी करणे हा परीक्षकाचा हट्ट आहे. तसे नाही. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चेटकीण ही मराठी बालरंगभूमीवरील सर्वांत आवडती भूमिका ठरली. दिलीप प्रभावळकरांनी ती पूर्वी गाजविली, आणि २०१८ मध्ये वैभव मांगले यांनी केली तेव्हाही नव्या पिढीतील मुलांनी तिला तसेच डोक्यावर घेतले. त्या चेटकिणीची भीती वाटते आणि हसू येते; दोन्ही एकाच श्वासात. मुले भीती मागतात. ती कितपत द्यावी आणि केव्हा परत घ्यावी, हे कळणे म्हणजे शिशुनाट्याची कला.

येथवर केलेले विवेचन कोणत्याही प्रांतातील समीक्षकाने केले असते. रत्नागिरीत बसून हा कार्यक्रम पाहताना मात्र एक वेगळीच अडचण उभी राहते, आणि तिने वरील निवाडा जवळजवळ उलटा होतो. कार्यक्रम हिंदीत आहे.

तीन-चार वर्षांच्या मुलाला या जिल्ह्यात हिंदी येत नाही. त्याच्या घरात संगमेश्वरीचे कोणते तरी वळण बोलले जाते, किंवा कोकणी मुसलमानांची बोली, किंवा दक्षिणेकडून आलेल्यांच्या घरी मालवणी. अंगणवाडीतील ताई प्रमाण मराठीशी त्याची ओळख करून देत असते, हीच त्याच्यासाठी एक पायरी असते. हिंदी त्याला पुढे येईल, चित्रपटांतून आणि बाजारातून सहज येईल. पण आज येत नाही. शेजारच्या एका चार वर्षांच्या मुलीबरोबर प्रस्तुत लेखकाने हे भाग पाहिले. चमकी बोलू लागली की ती मुलगी चमकीकडे न पाहता आजीच्या तोंडाकडे पाही, आणि आजी काय सांगते याची वाट पाही. बूम्बा नाचू लागला की आजीची गरज संपे. हे एका घरातील निरीक्षण आहे. त्यावरून सिद्धान्त उभारण्याचा आमचा मनोदय नाही. परंतु आरंभी सांगितलेला भेद त्या घरात आम्हांस डोळ्यांपुढे दिसला. बाहुल्याचा प्राण वाणीत आहे. वाणी परकी झाली की उत्कृष्ट बाहुलेही कापड होते. सोंगाचा प्राण देहात आहे. भाषा गेली तरी ते उभे राहते. कलेच्या दृष्टीने जो बूम्बा दुर्बळ ठरला तोच येथे मुलाच्या उपयोगी पडतो, आणि जी चमकी कार्यक्रमाचे भूषण आहे तिला दुभाष्या लागतो.

दुभाष्या असणे वाईट नव्हे. मूळ अमेरिकन कार्यक्रमाच्या परिणामांचा टॉमस कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये जो पुनर्विचार केला, त्याचा एक निष्कर्ष असाच होता की, घरातील मोठ्यांनी प्रोत्साहन दिलेल्या मुलांचा लाभ अधिक होता, आणि नुसते पाहण्याचा परिणाम समजला जातो त्याहून थोडा होता. आजी शेजारी आहे, ही जमेची बाजू. परंतु ज्या घरात आजीला वेळ नाही किंवा तिला स्वतःलाच हिंदी येत नाही, त्याच घरासाठी तर हा सारा खटाटोप होता!

भाषेचा हा प्रश्न केवळ समजण्याचा असता तर चार महिन्यांत मूल सरावेल, असे म्हणून सोडून देता आला असता. पण अक्षरे आणि शब्द शिकविणे हे या जातीच्या कार्यक्रमाचे मूळचे काम आहे, आणि तेथे सरावाने भागत नाही. हिंदीच्या वर्णमालेत ‘ळ’ नाही. आता मराठी शिशूचे जग पाहा : बाळ, शाळा, खेळ, फळा, डोळे, केळे, सकाळ. ज्या अक्षरावाचून त्याला स्वतःचे नाते, आपले शरीर आणि आपला दिवस यांपैकी काहीही लिहिता येणार नाही, ते अक्षर हिंदी कार्यक्रमात त्याला कधीच भेटणार नाही. ‘क’ त्याच्या पाटीवर कमळाचा असतो, पडद्यावर कबुतराचा, हे किरकोळ. चमकीच्या नावातील ‘च’ आमच्याकडील मूल चमच्यातल्या ‘च’ने उच्चारू पाहते आणि पडदा त्याला दुरुस्त करतो, हे तितकेसे किरकोळ नाही, कारण दोन ‘च’ आणि दोन ‘ज’ यांचे भान हे मराठी कानाचे पहिले लक्षण आहे. आणि एक विनोदी उदाहरण सांगावयास हरकत नसावी : हिंदीत ज्याला ‘शिक्षा’ म्हणतात त्याच्या महत्त्वाविषयी पडद्यावरील कोणी कळकळीने बोलू लागले, तर आमच्या मुलाला ते छडीच्या महत्त्वाविषयी बोलत आहेत असे वाटावयाचे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पाया मानला आणि घरच्या भाषेवर भर दिला. त्या धोरणाच्या वाचकाने हा कार्यक्रम रत्नागिरीच्या एखाद्या वाडीत बसून पाहावा, अशी आमची सूचना आहे.

मराठीत या प्रकारचे काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्यावरील ‘किलबिल’ हा मराठी बालकार्यक्रम एका पिढीच्या स्मरणात आहे. पण त्याचा प्रेक्षक मुख्यतः शाळेत जाणारा मुलगा होता, अंगणवाडीतले मूल नव्हे. यशवंत पाध्ये यांनी जन्माला घातलेले आणि रामदास पाध्ये यांनी घरोघर पोचविलेले अर्धवटराव हे बाहुले मराठी वाणीवर जगते, आणि बाहुल्याला मराठी किती सहज येते याचा तो पुरावा आहे. मात्र अर्धवटरावांचा विनोद प्रौढांचा. शब्दभ्रमकार आणि बाहुले यांच्या जुगलबंदीतून तो निर्माण होतो, आणि मुले त्यातला निम्मा भाग मोठ्यांच्या हसण्यावरून हसतात.

या ठिकाणी एक उपाय हमखास सुचविला जातो, आणि तो फार आकर्षक असल्यामुळे त्याविषयी सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. परदेशी मपेट कशाला, आपला संकासुरच पडद्यावर आणा. पिंगुळीच्या बाहुल्यांकडूनच अक्षरे शिकवा, असे म्हटले जाते. आम्हांस हे पटत नाही. संकासुराचे सामर्थ्य त्याच्या पोशाखात नाही. तो धावत येतो त्या पायवाटेत, वर्षातून एकदाच येण्यात, आणि आत आपल्याच वाडीतला मनुष्य आहे या उघड गुपितात ते आहे. पडद्यावर तो रोज सकाळी येऊ लागला, अंगावर येईनासा झाला, आणि आतला काका मुंबईच्या चित्रनगरीतला कोणी अनोळखी नट झाला, की त्याचा बूम्बाच होईल. आणि मग शिमग्यात खऱ्या संकासुराला पाहून मूल म्हणेल, हा तर टीव्हीवरला. पिंगुळीची बाहुली तर आपल्या कथेचा पट सोडून ‘क’ आणि ‘ख’ म्हणू लागली तर तिची प्रतिष्ठाही जाईल आणि अक्षरेही येणार नाहीत. परंपरा शिल्लक ठेवावयाची असेल तर तिला शिशुवर्गाच्या शिक्षिकेची नोकरी लावू नये.

बूम्बाला मराठी करण्याची आवश्यकता आम्हांस वाटत नाही. त्याला अज्ञान द्यावे. गल्लीतील पाच वर्षांच्या मुलीला जे येते ते या राजेशाही सिंहाला येऊ नये, त्याने विचारावे आणि चमकीने सांगावे. एवढ्या बदलाने ते सोंग उभे राहील आणि त्याच्या नाचालाही अर्थ येईल. चमकीचा प्रश्न निराळा आहे. तिला नवे रूप नको, नवा कंठ हवा. आणि तो हिंदी संवादांवर मागाहून चिकटविलेला नको, कारण ‘ळ’ शिकविणारा भाग हिंदी संहितेत मुळातच लिहिलेला नसतो. मराठी संहिता, मराठी वर्णमाला, आणि ती बोलणारी अशी एखादी बाई की जिच्या आवाजात प्रमाण मराठी असूनही घरचा हेल पुरता पुसला गेलेला नाही. तसा आवाज अंगणवाडीत रोज सकाळी ऐकू येतो. आमच्या शेजारची ती मुलगी यंदा शाळेत जाऊ लागली. फळ्यावरचा ‘ळ’ ती अजून उलटा काढते, आणि उच्चार मात्र बिनचूक करते.